‘नवा ओरिजिनल’ इनटेक मॅनिफोल्ड सांगून सांधलेला भंगार माल गळ्यात मारला, ११,४४२ रुपये गेले

गाडीचे पार्ट ऑनलाइन मागवून घरीच काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण ही माणसं बरोबर आपल्यालाच गाठतात. गॅरेजवाल्याला असला माल द्यायला गेलं तर तो हातात घेऊन उलटापालटा करेल आणि तिथेच परत करेल, आपण मात्र फोटो बघून पैसे टाकतो. माझे ११,४४२ रुपये गेले, गॅस्केटचे (जोडातून हवा गळू नये म्हणून लावतात ते सील) ६४० वेगळे, आणि नंतर ज्याच्या ज्याच्या दारात गेलो त्याने हात वर केले.

गाडीचा त्रास असा होता की थंड असताना ठीक, गरम झाली की आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, आपोआप वर चढायचं, सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटखालून सूंऽऽ असा आवाज, आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला तर पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय. शोधत गेल्यावर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या पार्टच्या, जोडावर केसाएवढी भेग सापडली. हे प्लास्टिकचे मॅनिफोल्ड वेगवेगळे तुकडे वेल्ड करून बनवलेले असतात, वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन तो जोडच उलतो. सर्व्हिस सेंटरने पार्टचे १५,२०० आणि मजुरी ४,५०० सांगितली, वर पार्ट यायला तीन आठवडे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, फ्युएल प्रेशर सोडायचं, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर रेल, व्हॅक्यूमचे पाइप काढून मॅनिफोल्ड बदलायचा, हे काम मला येतं, आधीही केलेलं आहे, मग साडेचार हजार मजुरी का द्यायची? आणि गाडीशिवाय तीन आठवडे थांबणं शक्य नव्हतं, घरात आजारी माणूस आहे.

ऑनलाइन एका जाहिरातीत तोच मॅनिफोल्ड ९,४०० ला, कुरिअर ३५०. पत्ता दिल्लीचा, कश्मीरी गेटचा. कश्मीरी गेट म्हणजे गाड्यांच्या पार्टची केवढी मोठी बाजारपेठ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे इथल्यापेक्षा स्वस्त मिळणं यात नवल काहीच नाही. फोनवरचा माणूस गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन कोड सगळं विचारून घेत होता, चेसिस नंबरसुद्धा मागितला. "भाईसाब, कंपनी का माल है, सीलपॅक, खोलके देख लेना" असं ठामपणे सांगत होता. ज्याला पार्टमधलं कळतं असा माणूस बोलतोय म्हटल्यावर विश्वास बसतोच, कुणाचाही बसला असता. पैसे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी फोन, "वॉरंटी के लिए पक्का बिल चाहिए तो जीएसटी लगेगा", १८ टक्क्यांप्रमाणे आणखी १,६९२. तेही दिले, कारण बिल असलं की आपण सेफ असतो असं आयुष्यभर ऐकत आलोय. क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईमाणसाचं होतं, विचारलं तर म्हणे "घर का अकाउंट है".

पण मला जे आजही झोपू देत नाही ते वेगळंच आहे. त्याने व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले होते. मॅनिफोल्डला बोल्ट जातात त्या भोकांत धातूचे बुश असतात, प्लास्टिक दाबलं जाऊ नये म्हणून. नव्या पार्टचे बुश एकसारखे चकचकीत असतात. त्याच्या फोटोत डावीकडून दुसऱ्या बुशवर गोल चकतीसारखी घासल्याची खूण होती, स्पष्ट दिसत होती, फ्लँजवाला (डोक्याखाली चकती असलेला) बोल्ट एकदा आवळून काढला की जशी उमटते अगदी तशी. मी तो फोटो मोठा करून बघितला होता! बघितला होता आणि वाटलं की फॅक्टरीत टेस्टिंगला लावला असेल, लाइटमुळे तसं दिसत असेल. त्या क्षणी "एवढ्या बुशचा जवळून व्हिडिओ पाठव" एवढं एकच वाक्य बोललो असतो तर तो फोन कट करून पळाला असता आणि माझे पैसे वाचले असते.

पार्सल आलं तेव्हा पार्ट काळाभोर, बुशसकट सगळ्यावर स्प्रे मारलेला, वर कंपनीचा होलोग्रामवाला स्टिकर. नवी गॅस्केट टाकली, इंजेक्टरच्या ओ-रिंगना इंजिन ऑइल लावून बसवलं, मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने आवळलं. सुरू केली, छान चालली. गरम झाली आणि परत तोच सूंऽऽ आवाज, परत पी०१७१. आधी माझाच बसवण्यात काही घोळ झाला की काय म्हणून सगळं परत उघडलं. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं तर काळा रंग फडक्यावर आला आणि खाली जोडावर करड्या एपॉक्सीची (सांधायच्या गोंदाची) वळकटी, एका टोकाला सुटलेली. तो तुकडा आत ओढला गेला असता तर सरळ व्हॉल्व्हमध्ये, मग इंजिनच उघडावं लागलं असतं. स्टिकर खरवडला तर त्याखाली साच्यातला पार्ट नंबर वेगळाच, आणि शेजारी ती तारखेची गोल खूण, मधे बाण आणि वर्ष, २०१३! मुद्दाम तिच्यावरच स्टिकर चिकटवला होता. म्हणून सांगतो, स्टिकरवर छापलेला नंबर काही कामाचा नाही, प्लास्टिकमध्ये उठलेला नंबर मागा.

आणि ते पक्कं बिल. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, दिल्लीचे ०७, महाराष्ट्राचे २७. बिलावर पत्ता दिल्लीचा आणि नंबर २७ ने सुरू. जीएसटीच्या साइटवर टाकला तर असा नंबरच नाही. हे तपासायला फुकट आहे, लॉगिनही लागत नाही, पैसे टाकायच्या आधी करा.

आता पुढचं ऐका. बँकेत गेलो तर "तुम्ही स्वतः पिन टाकलाय, आम्ही काय करणार". कुरिअरवाला म्हणतो पार्सल डिलिव्हर झालंय, विषय संपला, पाठवणाऱ्याचा खरा पत्ता द्यायला तयार नाही. ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या साहेबांनी आधी तासभर बाकावर बसवून ठेवलं, मग म्हणाले माल मिळालाय ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर आहे, कंझ्युमर कोर्टात जा. मी सुटलेली एपॉक्सी दाखवतोय, ते बघायलाही तयार नाहीत. वर "आरोपी दिल्लीचा, तिकडे तक्रार करा". अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. आणि फसवणुकीचं कलम बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहिता) ३१८ आहे. हे मी सांगितलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका". मग शिकवायचा कुणी? अकरा हजार म्हणजे यांना किरकोळ वाटतात, घाम गाळून कमावलेत ते. लेखी अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारायला टाळाटाळ, हटून बसलो तेव्हा मिळाली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ग्राहक आयोगात मात्र मी जाणार आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. अडचण एकच, नोटीस पाठवायला खरा पत्ता हवा, आणि तोच कुणी देत नाहीये.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता कारण सीलपॅक माल होता. फसलात हे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मॅनिफोल्ड बसवायच्या आधी जोडावरून पेट्रोलचं फडकं फिरवा, रंग सुटला तर थांबा. "आज ही पेमेंट करो, एक ही पीस है" म्हणाला की फोन ठेवा.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत दिसली, फोटो तेच चार, डावीकडून दुसरा बुश बघा. तुमच्यापैकी कुणाला याच माणसाने फसवलं असेल तर रक्कम कितीही लहान असो, तक्रार नोंदवा. एकट्याचा अर्ज यांनी फाइलला लावून ठेवलाय, एकाच खात्याविरुद्ध दहा तक्रारी आल्या तर "सिव्हिल मॅटर" म्हणून बाहेर काढता येणार नाही.