जुना रंग न काढताच घेतलेले पैसे

आमच्या पुण्यातील हौशी नाट्यसंस्थेचा कपडेपट बरीच वर्षे माझ्याकडे आहे. ऐतिहासिक नाटकांसाठी संस्थेने पूर्वी करून घेतलेली काही शिरस्त्राणे त्यात आहेत आणि नाकावर उतरणारी पट्टी व मानेवर कड्यांची झालर असलेले सरदाराचे शिरस्त्राण त्यांत सर्वांत जुने. ते कठीण प्लास्टिकचे असल्यामुळेच अंकभर डोक्यावर ठेवून नटाला संवाद म्हणता येतात. मात्र प्रत्येक नव्या नाटकाच्या वेळी कोणी ना कोणी त्यावर रंगाचा आणखी एक हात चढवत गेल्याने वेलबुट्टी बुजून सपाट झाली होती, आणि डाव्या कानशिलापाशी खालच्या कडेपासून निघालेला तडा दर प्रयोगागणिक वर सरकत होता. जुना रंग पूर्ण उतरवून, तडा सांधून ते नव्याने रंगवून देण्याचे काम आम्ही मुंबईच्या उपनगरातील एका कारागिराला दिले. त्याने आम्हाला कसे फसवले, हे इतर संस्थांना आणि अशा वस्तू हौसेने बाळगणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्याने दिलेल्या लेखी अंदाजात जुना रंग उतरवण्याचे २,२०० रुपये, तडा आतून जाळी लावून सांधण्याचे १,८०० रुपये आणि प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी देतात तो थर), रंग व वरचा पारदर्शक थर यांचे ४,५०० रुपये असे एकूण ८,५०० रुपये होते. त्यांतले ५,००० रुपये त्याने यूपीआयने आगाऊ घेतले आणि ‘मॅडम, पीस ओळखू येणार नाही असा करून देतो,’ असे तोंडभर आश्वासन दिले. या आकड्यांकडे नीट पाहिले, तर जवळजवळ निम्मी रक्कम अशा कामाची आहे जे वरचा रंग चढला की कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि सगळी लबाडी नेमकी त्याच निम्म्या भागात झाली.

हे काम महाग का असते, ते आधी सांगायला हवे. आमचे शिरस्त्राण एबीएस प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढून केलेले आहे. करून देणाऱ्याच्या जुन्या पावतीवर तशी नोंद आहे. लोखंडावरचा रंग काढण्यासाठी मिळणारी जहाल रसायने एबीएसला चालत नाहीत. अ‍ॅसिटोनने ते विरघळते आणि गॅरेजमध्ये रंग पातळ करायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनसी थिनरने त्याचा पृष्ठभाग आधी चिकट होतो व मग त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. हीट गनचाही उपयोग नाही, कारण साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडून आकार सोडते. म्हणून आतल्या एखाद्या कोपऱ्यावर आधी चाचणी घ्यायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्यांनी वस्तू गुंडाळून ठेवायची, फुगलेला रंग मऊ ब्रशने व प्लास्टिकच्या पट्टीने थोडाथोडा काढायचा आणि उरलासुरला रंग ४०० व नंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचा, असे हे चिकाटीचे काम आहे. पाणी अशासाठी की जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोरडे घासले तर त्याची धूळ श्वासात जाते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत काय आहे, ते कोण सांगणार?

काम दिल्यानंतर काही आठवड्यांनी त्याने रंग उतरवल्याचे एक छायाचित्र पाठवले आणि पुढच्या सामानासाठी आणखी २,००० रुपये मागितले, ते आम्ही दिले. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तेव्हा तोंडावर आली होती. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या हंगामात सगळ्याच हौशी संस्थांची नेपथ्याची आणि कपडेपटाची कामे एकदम निघतात, आणि त्या धांदलीत कोणी उलटतपासणी करत बसणार नाही, हे अशा माणसांना पक्के ठाऊक असते. छायाचित्रातले शिरस्त्राण पांढरे स्वच्छ होते. आमचे प्लास्टिक मात्र मुळातच गडद करडे आहे. तो रंग वरून दिलेला नसून शीटमध्येच मिसळलेला असल्यामुळे ते कितीही घासले तरी पांढरे निघणे शक्य नाही. छायाचित्र एकाच बाजूने, आतला भाग मुळीच दिसणार नाही अशा बेताने काढलेले होते.

तयार होऊन आलेले शिरस्त्राण पाहताक्षणी डोळ्यांत भरण्याजोगे होते, यात शंका नाही. जुन्या पोलादासारखा रुपेरी रंग, खोलगट जागी काळसर छटा, आत नवा काळा फोम. उरलेले १,५०० रुपये आम्ही दिले. रंगीत तालमीच्या वेळी झालरीच्या तारा बांधून होईपर्यंत ती जागेवर राहावी म्हणून मागच्या बाजूला साधी कागदी चिकटपट्टी लावली होती. ती काढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा रुपेरी पापुद्रा उठून आला, आणि खाली मागच्या नाटकातला सोनेरी रंग त्यावर तलवारीच्या मुठीने उठलेल्या ओरखड्यासकट जसाच्या तसा होता. मध्ये प्रायमरचा थर नव्हता, सोनेरी रंग खरखरीत करण्यासाठी साधा पॉलिश पेपरही फिरवलेला नव्हता.

मग आम्ही आतला फोम उचकटला. तडा होता तिथेच, होता तेवढाच होता. एबीएस वाकून ताणले गेले की ते त्या जागी पांढरे पडते. तशा दोन पांढरट कडा तड्याच्या दोन्ही अंगांनी स्पष्ट दिसत होत्या आणि कानशील अंगठ्याने किंचित दाबले की त्या एकमेकींपासून दूर सरकत होत्या. तडा सांधण्याची रीत अशी की तो जिथे संपतो त्या टोकाला बारीक भोक पाडून त्याची वाढ थांबवतात, आतल्या बाजूने खाच काढतात, त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा काचतंतूच्या जाळीसह तिथे भरतात आणि तो पूर्ण वाळू देतात. इथे ना भोक होते, ना जाळी. बाहेरून एपॉक्सी पुट्टी चोपडून, घासून त्यावर रंग मारला होता, आणि आतले उघड दिसू नये म्हणून फोम चिकटवला होता. फोमचे पैसे त्याने लावले नव्हते, हा त्याचा मोठेपणाच म्हणायचा.

आमच्या कपडेपटाच्या वहीत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचे वजन लिहिण्याची पद्धत आहे, ती इथे कामी आली. झालर व अस्तर काढून दिलेले शिरस्त्राण ६४० ग्रॅम होते. फोम सोडवल्यानंतर ते ६८६ ग्रॅम भरले. वर्षानुवर्षांचे रंगाचे थर खरोखर उतरवले असते, तर नवा रंग धरूनही वजन वाढण्याचे काही कारण नव्हते. पैशांपेक्षा जास्त लागले ते दुसरेच. कडेला जिथे जुना रंग आधीच उडालेला होता, तिथे त्याच्या थिनरने थेट प्लास्टिकवर भेगांचे जाळे उठवले आहे आणि ते आता कोणत्याही उपायाने पूर्ववत होणार नाही.

फोनवर त्याची उत्तरे दर वेळी बदलत गेली. प्लास्टिकला रंग धरतच नाही, असे तो प्रथम म्हणाला. नंतर वस्तू फायबरची, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची, समजून काम केले, असे सांगू लागला. वास्तविक फायबरच्या तुटलेल्या कडेला काचेचे धागे दिसतात, आणि ज्याने तडा हातात घेऊन पाहिला त्याची अशी गल्लत होणे कठीण आहे. शेवटी ‘तुम्ही नाटकाला तिकीट लावता, म्हणजे तुमचा धंदाच झाला, ग्राहक मंचात तुमचे कोणी ऐकणार नाही,’ असे सुनावून त्याने आमचे क्रमांक बंद करून टाकले. हे शेवटचे वाक्य त्याला पाठ असावे, इतक्या सफाईने तो ते बोलला.

त्या धमकीत अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही, परंतु हौशी संस्थेसाठी एका शिरस्त्राणाची दुरुस्ती करून घेणे म्हणजे धंदा नव्हे, असे आमच्या वकिलांचे म्हणणे आहे. शिवाय सर्व रक्कम माझ्या वैयक्तिक खात्यातून गेलेली असल्याने तक्रार माझ्याच नावाने केली आहे. या कायद्याची दुसरी सोय आमच्यासारख्यांना अधिक मोलाची वाटेल. समोरचा माणूस दुसऱ्या शहरात असला, तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तिचा उपयोग झाला नाही. मग स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, ती त्याने घेतली नाही. त्यानंतर ई-जागृती या संकेतस्थळावरून पुणे जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली असून ती प्रलंबित आहे. अंदाजपत्रक, यूपीआयच्या नोंदी, वहीतले वजन, उठून आलेला पापुद्रा आणि ते छायाचित्र, हा आमचा पुरावा. निकाल लागेपर्यंत शिरस्त्राणाला हात लावू नये असे वकिलांनी सांगितले असल्यामुळे स्पर्धेच्या प्रयोगाला नाटकाचे कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्यांकडून भाड्याचे शिरस्त्राण आणावे लागले, जे नटाच्या भुवयांवर घसरत होते.

यानंतर संस्थेने एक शिरस्ता घातला आहे. बाहेर दिलेल्या कामाचा रंग उतरवल्यावर आमच्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन उघडे प्लास्टिक आतून-बाहेरून पाहतो आणि मगच पुढची रक्कम दिली जाते. शेवटचा हप्ता चिकटपट्टीच्या चाचणीनंतर. रंगाच्या कारखान्यांत पत्र्यावर ब्लेडने बारीक चौकटी कापून, त्यावर पट्टी दाबून झटक्याने ओढण्याची चाचणी घेतात. आम्ही चौकटी कापत नाही, आतल्या कडेला नुसती पट्टी ओढून पाहतो. ज्याला या अटी मान्य नसतात, तो काम घेत नाही.

त्या कारागिराच्या जाहिरातींत ‘रंग उतरवल्यानंतर’ या मथळ्याखाली तेच पांढरे शिरस्त्राण अजूनही झळकते. त्याला नाकपट्टीची खाच नाही आणि उजव्या कानशिलावर रिव्हेटची तीन रिकामी भोके आहेत. तुमच्या वस्तूचे म्हणून हे छायाचित्र तुम्हाला आले असेल, तर पुढचा हप्ता देऊ नका आणि वस्तू आहे त्या अवस्थेत परत मागवा.