एक सेकंड हँड एअर रायफल, दोन झिरो: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कोल्हापुरात तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांची नावं लोक शेजारच्या घरातली असल्यासारखी घेतात. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नीलला ब्राँझ मिळालं, त्यानंतर तर ‘आमची पोरगी रायफल करते’ म्हणणारे बाप बरेच भेटायला लागले. त्यातलाच मी एक. लेकीसाठी ४.५ मिमीची जर्मन बनावटीची मॅच रायफल घेतली, सेकंड हँड. आता ती तिच्याइतकीच मीही चालवतो.

रायफलीबद्दल तक्रार नाही. स्टॉकवर ओरखडे आहेत, हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतो, ट्रिगर हलका आणि स्वच्छ. पण या आठ महिन्यांत आमचा जीव खाल्ला तो पीपने, म्हणजे ज्याच्या भोकातून नेम धरतात त्या मागच्या साइटने.

पहिल्याच दिवशी फजिती. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिमीचा असतो आणि एका रिंगपासून दुसरी अडीच मिमीवर. आमचे शॉट सातच्या रिंगमध्ये, वरच्या बाजूला. पीपच्या चाकावर ‘एच’ आणि ‘टी’ अशी अक्षरं. मी म्हटलं, एच म्हणजे हाय, वर. आपल्याला खाली यायचंय, म्हणजे उलट फिरवा. फिरवलं. शॉट सहात. आणखी फिरवलं, पाचात! शेवटी रेंजवरचे सर हसत आले. जर्मनमध्ये ‘होख’ म्हणजे उंच, ‘टीफ’ म्हणजे खाली. आमच्या पीपवर त्याचा अर्थ ‘शॉट उंच जात असेल तर इकडे फिरव’ असा निघाला. डावी-उजवीचंही तेच. जुनी रायफल घेणाऱ्याने आधी चाकाला एका दिशेला दहा क्लिक (म्हणजे खाचा) द्यावेत, पाच शॉट मारावेत आणि ते कुठे सरकले ते बघावं. आमच्या पीपला साधारण दहा क्लिकला एक रिंग सरकते. तुमचा हिशोब वेगळा असेल, स्वतः मोजा.

पुढचे दोन महिने मी एकच चूक करत राहिलो. शॉट नऊला उजवीकडे गेला, दोन क्लिक. पुढचा डावीकडे, दोन क्लिक परत. संध्याकाळपर्यंत पीप होती तिथेच आणि माझा ग्रुप, म्हणजे सगळ्या शॉटचा घोळका, रुपयाएवढा. सरांनी मग पीपला हात लावायलाच बंदी केली. दहा शॉट मारायचे, कुठेही जाऊ देत. ग्रुप एका जागी पडला तरच त्याच्या मधोमध बघून क्लिक द्यायचे. पसरला असेल तर दोष पीपचा नाही, तुझा. हे कळायला सोपं आहे, हाताला कळायला वेळ लागतो.

माझ्या पसरण्यामागे मुख्यतः गाल होता. चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, एक बोटभर खाली होता, त्यामुळे डोळा भोकाच्या मध्ये आणायला मी प्रत्येक शॉटला मान वेगळी ताणायचो. तो वर घेतल्यावर एका आठवड्यात ग्रुप अर्ध्यावर आला. दुसरं म्हणजे पुढच्या साइटमधली गोल रिंग. ३.६ मिमीच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोळा कडेला चिकटल्यासारखा दिसायचा आणि मी घाबरून ट्रिगर खेचायचो. ४.० घातली, गोळ्याभोवती पांढरं नीट दिसायला लागलं. रायफल कलणं हेही लहान नाही. पेलेट, म्हणजे रायफलीतली छोटी गोळी, १० मीटरपर्यंत जाताना साधारण दीड सेंटीमीटर खाली येतो, त्यामुळे रायफल पाच अंश जरी तिरकी धरली तरी शॉट त्या बाजूला मिलिमीटरहून जास्त सरकतो. निम्मी रिंग गेलीच की! तिरकी धरायला हरकत नाही, पण मग दर वेळी तेवढीच तिरकी हवी.

पेलेटचं डोकं ४.४९, ४.५० आणि ४.५१ असं मिळतं. तिन्ही डबे आणून मारून बघितले. आमच्या नळीला ४.५० रुचलं, पण खरं सांगायचं तर तो फरक माझ्या ग्रुपमध्ये दिसलाच नाही, लेकीच्या ग्रुपमध्ये दिसला.

आणि आता मूळ गोष्ट. चौथ्या महिन्यात मी रायफल मस्त सेट केली, ग्रुप बरोबर मध्ये. लेकीने घेतली आणि पहिला शॉट नऊला, खाली डावीकडे. दुसराही तिथेच. तिसरा त्याच भोकात. म्हणाली, “बाबा, तुम्ही पीप बिघडवली.” भांडण झालं. बिघडलं काहीच नव्हतं. तिची मान, तिचा डोळा, तिचा खांदा, सगळं वेगळं, म्हणून तिचा झिरो, म्हणजे शॉट बरोबर मध्ये पडेल अशी पीपची सेटिंग, तीही वेगळी. तिच्यासाठी काही क्लिक वर आणि काही उजवीकडे लागतात. दुकानदार ‘झिरो करून देतो’ म्हणाला होता, ते आठवून आता हसू येतं. कोणाचा झिरो?

मॅचआधी तयारी आणि साइटिंगला मिळून १५ मिनिटं मिळतात, साइटर, म्हणजे गुणात न धरले जाणारे शॉट, कितीही मारता येतात. त्यातली पाच मिनिटं आम्ही कोणाची पीप आहे हे शोधण्यात घालवली आहेत. वही केली होती, ती कायम घरी राहायची. आता चाकांवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत. लाल तिचा, पांढरा माझा. गेल्या रविवारी मी लाल ठिपक्यावरच बारा शॉट मारले आणि शॉट मध्ये का पडत नाहीत म्हणून तीन वेळा सिलिंडरचा गेज बघितला.