सात दिवसांत दीड मिनिट

उन्हाळ्यात जिममधल्या ताकदीच्या गोळ्यांपायी मी ७,८०० रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक पुढचं न वाचता ‘किती गेले?’ एवढंच विचारतात.

गोव्यात डिचोलीला आमच्या घराजवळ एक जिम आहे. वय ४४, पोट सुटलेलं, आणि डिसेंबरात २१ किलोमीटर धावायचं असं ऑफिसात सगळ्यांसमोर बोलून बसलेलो. जिमवाल्याच्या कानावर ते गेलंच. म्हणाला, ‘‘सर, तुमचे पाय चांगले आहेत, एटीपी कमी पडतं.’’ आणि एक पत्रक हातात दिलं. एटीपी हे पेशीचं इंधन. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी ते शोधलं आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर. भारतीय नाव वाचून छाती फुगली. शेवटची ओळ होती: तेच इंधन आता थेट गोळीत.

त्या पत्रकात शेवटच्या ओळीपर्यंत एकही वाक्य खोटं नव्हतं. मी घरी येऊन एकेक तपासलं आणि सगळं खरं निघाल्यावर शेवटची ओळही खरी धरली.

तरी पैसे लगेच दिले नाहीत. ‘‘आधी फरक बघा, मग द्या,’’ असं तोच म्हणाला. त्याने माझी चाचणी घेतली ती मे महिन्यात, दुपारी चारला. सकाळी त्यानेच माझ्याकडून उठाबशा काढून घेतल्या होत्या. मैदानाच्या पाच फेऱ्या, वेळ १४ मिनिटं १० सेकंद. मग सात दिवसांच्या गोळ्या फुकट. आठव्या दिवशी चाचणी पहाटे सहाला, आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती, आणि धावण्याआधी ‘पाण्यातून घ्या’ म्हणून एक पुडी. वेळ १२:४०. मी आनंदाने त्याला मिठीच मारली. त्या पुडीवर कॅफीन लिहिलेलं होतं, ते मी नंतर कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचलं. ऊन, थकवा आणि कॅफीन या तिघांचं श्रेय गोळीला गेलं होतं. तीन महिन्यांच्या तीन बाटल्या घेतल्या. पैसे त्याच्या खाजगी यूपीआयवर. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘सर, घरचीच गोष्ट आहे.’’

माझी अक्कल ठिकाणावर आणली ती अकरावीत शिकणाऱ्या भाचीने. ‘‘मामा, एटीपी पेशीतच तयार होतं, तिथेच संपतं. पोटात टाकून ते पायात कसं जाणार?’’ शरीरात एका वेळी जेमतेम ५० ते १०० ग्रॅम एटीपी असतं, पण ते मोडून पुन्हा जुळत राहतं, इतकं की दिवसाचा हिशेब आपल्या वजनाच्या घरात जातो. त्यात काही शे मिलिग्रॅमची गोळी म्हणजे मांडवीत तांब्या ओतणं. नेदरलँडमध्ये २०१२ साली आठ निरोगी माणसांना एका वेळी ५००० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तरी रक्तातलं एटीपी वाढलं नाही. वाढलं ते यूरिक ॲसिड, कारण मोडलेल्या एटीपीचा शेवट तिथेच होतो.

दुसरी बाजूही सांगतो. रोज ४०० मिलिग्रॅम, १२ आठवडे, अशा एका प्रयोगात वजनं उचलणाऱ्या तरुणांची ताकद जास्त वाढली असं २०१३ मध्ये छापून आलं होतं. माणसं थोडी होती, आणि हा घटक विकणाऱ्यांचे संबंध त्यात होते. माझ्या बाटलीवर तर एटीपी किती हेच नव्हतं. ‘एनर्जी मॅट्रिक्स १५०० मिलिग्रॅम’ आणि खाली पाच घटकांची नावं.

जूनमध्ये पायाचा अंगठा सुजला. चादर लागली तरी ओरडायचो. डॉक्टरांनी यूरिक ॲसिड तपासलं, वाढलेलं होतं. गोळ्यांवर त्यांनी सगळा दोष टाकला नाही. वडिलांना वातरक्त (गाऊट) होतं का, सुंगटं (कोळंबी) किती खाता, असं विचारून शेवटी हळूच म्हणाले, ‘‘आणि उर्राक?’’ काजूच्या त्या दारूचं नाव निघताच मी खाली पाहिलं. पण गोळ्या त्याच दिवशी बंद करायला लावल्या. घरात वातरक्त असेल तर ही बाटली हातात धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पैसे परत मागायला गेलो तर ‘सील तुटलंय’. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करताना पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे दाखवायला यूपीआयच्या एका नोंदीशिवाय काहीच नाही, आणि तीही माणसाच्या नावावर, दुकानाच्या नाही. अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो, माझ्या बाटलीवर तेरा आकडे. मोजायला मला पहिली बाटली संपावी लागली. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच. परवा शेजारचा मुलगा, पोलीस भरतीसाठी धावणारा, तीच बाटली घेऊन आला. कशी घेतलीस विचारलं, तर म्हणाला, ‘‘काका, तुमचाच फोटो लावलाय तिथे भिंतीवर. १४:१० वरून १२:४०.’’ मी दोनदा जाऊन काढायला सांगितलं. काल संध्याकाळपर्यंत तो होता.