नाव कोरलेल्या अंगठ्या आणि ‘पुसला गेलेला’ हॉलमार्क

साखरपुड्याच्या अंगठ्यांवर आतल्या बाजूने एकमेकांची नावे आणि तारीख कोरून घेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे, आणि नेमक्या याच कोरीवकामाच्या आडून दादरमधील एका सराफी पेढीने आमची फसवणूक केली. माझी भाची आणि होणारे जावई यांच्यासाठी मिळून १० ग्रॅम वजनाच्या दोन अंगठ्या आम्ही तेथे घडवून घेतल्या. पक्क्या बिलावर ‘२२ कॅरेट, ९१६’, म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध सोने, असे स्वच्छ लिहिले होते. घडणावळीखेरीज ‘कोरीवकामातील घट’ म्हणून वेगळी रक्कमही लावली होती, जी हास्यास्पदच म्हणावी लागेल, कारण चार अक्षरे कोरताना निघणारे सोने काही मिलिग्रॅमचे असते.

अंगठ्यांच्या आत नावे होती, तारीख होती. हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा अधिकृत शिक्का, मात्र नव्हता. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘‘साहेब, आत जागा ती केवढी? नाव कोरताना शिक्का पुसला गेला.’’ ऐकणाऱ्याला हे पटण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी हा त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक ही खूण लेझरने इतकी बारीक उमटवलेली असते की ती वाचायला भिंग लागते, आणि ती नावाशेजारी सहज मावते. शिवाय शिक्का पुसला तरी क्रमांकाची नोंद पुसली जात नाही. तो क्रमांक तेवढा सांगा, असे म्हटल्यावर पेढीवर कोणालाच बोलता येईना.

मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात ठराविक शुल्क भरून अंगठ्या तपासून घेतल्या, तेव्हा शुद्धता ७५ टक्के, म्हणजे १८ कॅरेट निघाली. १० ग्रॅममागे जवळपास १.६६ ग्रॅम शुद्ध सोन्याची ही तूट आहे. अहवाल दाखवल्यावर मालकांनी बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले: ‘नाव कोरलेला माल परत घेतला जाणार नाही.’ नाव आवडले नाही म्हणून कोणी अंगठी परत आणली, तर हा नियम समजण्यासारखा आहे. सदोष मालाला मात्र तो लागू होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

ज्यांना अंगठ्यांवर नावे घालायची आहेत त्यांनी आधी हॉलमार्क झालेली अंगठी पाहावी, तिचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दागिन्याचा प्रकार व शुद्धता जुळते का हे तपासावे, तो क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि मगच त्या खुणेला धक्का न लावता कोरीवकाम करण्यास सांगावे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट असल्याने फार नाजूक अंगठीच्या बाबतीत अधिक जपावे लागते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवूनही पेढी बधली नाही, म्हणून आता बिल व तपासणी अहवाल जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क लागत नाही.