कुंडीसाठी काळी माती की लाल?

पुण्यात गच्चीवर किंवा बाल्कनीत बाग करायला घेतली की बियाण्याच्या आधी हा प्रश्न येतो. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हात, तीन वर्षं काळ्या मातीत झाडं वाढवली आणि नंतर बहुतेक कुंड्या लाल मातीत बदलल्या. तुमची जागा वेगळी असेल, ऊन वेगळं असेल, त्यामुळे हे माझ्या अनुभवापुरतं समजा.

काळी माती आपल्या घरची. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली, चुना आणि पोटॅश भरपूर असलेली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आक्रसतात. शेतात हा गुणच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यात घरंगळते आणि रान स्वतःलाच थोडं नांगरून घेतं.

कुंडीत मात्र तिला भेगाळायला जागाच नसते, मग ती कुंडीच्या कडा सोडते. माझा निर्णय झाला तो या एका गोष्टीवरून. एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की कडेला बोटभर फट पडायची. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली जायचं आणि बुडाच्या भोकातून बाहेर पडायचं. मला वाटायचं, झाड पाणी प्यायलं. एकदा मान टाकलेलं टोमॅटोचं रोप उपटून पाहिलं, तर मुळांभोवतीचा गोळा आतून कोरडाठक. त्यातून ते गढूळ पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचं. त्या कधी रागावल्या नाहीत, पण मला वाईट वाटायचं. कुंडी बादलीत बुडवून ठेवली की गोळा पुन्हा भिजतो, हे खरं. पण बावीस कुंड्या रोज कोण उचलणार? ओल्या काळ्या मातीची बारा इंची कुंडी माझ्याच्याने एकट्याने हलत नव्हती.

पावसाळ्यात उलटं. जुलैच्या झडीत आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, म्हणजे जादा पाणी ओसरून मातीत हवा खेळत नाही, आणि मुळं गुदमरतात. शिवाय चुनखडीमुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. माझ्या जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडायची, फक्त शिरा हिरव्या राहायच्या.

लाल माती महाबळेश्वरकडे आणि कोकणात जिथे मुसळधार पाऊस पडतो तिथली. पावसाने चुना धुऊन नेलेला, मागे लोह उरलेलं. ती फारशी फुगत-आक्रसत नाही, म्हणून कडा सोडत नाही. पाणी सगळीकडून मुरतं आणि जादा असेल ते निथळून जातं. जास्वंद लाल मातीत लावल्यावर दोन महिन्यांत नवी पानं हिरवी आली. हे मोजमाप नाही, पण मला तेवढं पुरलं.

तिचे दोष आहेत. ती भुकेली आहे; घातलेलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावंच लागतं. मे महिन्यात रोज पाणी, लहान कुंड्यांना दोनदा. चार दिवस गावाला जाणाऱ्यांना पाणी जास्त वेळ धरून ठेवणारी काळी मातीच जास्त सांभाळून घेईल. आणि नर्सरीत लाल म्हणून कधीकधी नुसता जांभ्या दगडाचा चुरा मिळतो. मूठभर ओली करून लाडू वळा. वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर घ्या, वळलाच नाही तर सोडा.

नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हलकं असतं, पण त्यात झाडाला खायला जवळजवळ काही नसतं आणि त्याच्या दाबलेल्या विटेतला खार आधी धुवावा लागतो. मी ते मिश्रणात थोडंसंच घालतो: लाल माती दोन भाग, मुरलेलं कंपोस्ट एक भाग, कोकोपीट अर्धा.

बंगल्याचं अंगण असेल, झाड थेट जमिनीत लावणार असाल, तर केळ, अळू यांच्यासाठी काळीच घ्या, बाहेरून माती आणायचा खर्च करू नका. कुंडीसाठी मात्र मला कुणी विचारलं तर मी लालकडे झुकतो.

काळी माती मी टाकली नाही. ती आता कमळाच्या बिनभोकाच्या टबात आहे. तिथे वर कायम वीतभर पाणी असतं, त्यामुळे तिला आक्रसायची वेळच येत नाही, आणि कमळाची मुळं तिच्यात घट्ट बसली आहेत.