दिवाळी-ख्रिसमसच्या पिक्चरचा आकडा लावायचाय? ॲडव्हान्स बुकिंग बघावं की पहिला कोरा दिवस

दिवाळी जवळ आली की आमच्या ग्रुपवर आकडे लावायचं सुरू होतं, कोणता पिक्चर किती करणार, ओपनिंग (पहिल्या दिवसाची कमाई) किती, लाइफटाइम (थेटरातून उतरेपर्यंतची एकूण कमाई) किती. नवीन पोरं आली की पहिला प्रश्न हाच असतो की दादा, तुम्ही नक्की बघता काय? म्हणून म्हटलं एकदा नीटच लिहून टाकावं. ग्रॉस म्हणजे तिकिटांचा सगळा गल्ला, नेट म्हणजे त्यातून कर वजा करून उरलेला. खाली जे कोटी येतील ते सगळे भारतातले नेट आणि अंदाजेच, दोन-चार कोटी इकडे-तिकडे.

माझ्या मते मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे पिक्चर लागायच्या आधी ॲडव्हान्स बुकिंगचे आकडे बघून अंदाज बांधायचा. दुसरा म्हणजे पिक्चर लागू द्यायचा, सणाचे दिवस जाऊ द्यायचे आणि पहिल्या साध्या दिवशी थेटरात किती माणूस येतं ते बघायचं, याला मी कोरा दिवस म्हणतो. ट्रेलरचे व्ह्यूज हा तिसरा मार्ग काही जण सांगतात, पण त्यावर मी वेळ घालवत नाही, ट्रेलर फुकट असतो, तिकिटाला खिशात हात घालावा लागतो.

आधी ॲडव्हान्सबद्दल चांगलं बोलतो कारण ते खरंच चांगलं आहे. ओपनिंग डेचा आकडा लावायचा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बुधवार-गुरुवारी रात्री तिन्ही मोठ्या मल्टिप्लेक्स चेनमध्ये किती तिकिटं गेली हे कळतं, मागच्या सणाच्या पिक्चरची तेव्हाची तिकिटं आपल्याकडे लिहिलेली असतात, शेजारी शेजारी ठेवली की शुक्रवारचा अंदाज बऱ्यापैकी बसतो. २०२४ च्या दिवाळीला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' एकाच दिवशी, १ नोव्हेंबरला लागले तेव्हा दोन्ही मोठं ओपनिंग घेणार हे आधीच दिसत होतं आणि झालंही तसंच, एकाचे ४३ कोटींच्या आसपास आणि दुसऱ्याचे ३५-३६. डिसेंबरात 'पुष्पा २' च्या हिंदी व्हर्जनचं ओपनिंग ७० कोटींच्या वर जाणार हेही ॲडव्हान्सच ओरडून सांगत होतं.

म्हणजे तुम्हाला फक्त पहिल्या दिवसाचा आकडा लावायचा असेल तर पुढचं वाचायचीही फार गरज नाही, ॲडव्हान्स बघा आणि लावा.

गाडी अडते ती लाइफटाइमला. दिवाळी २०२४ चंच घ्या, पहिल्या दिवशी 'सिंघम अगेन' पुढे होता पण शेवटी 'भूलभुलैया ३' २६० कोटींच्या आसपास गेला आणि 'सिंघम अगेन' २५० च्या आतबाहेर थांबला. फरक फार मोठा नाही म्हणाल, पण ओपनिंगच्या हिशोबात बघा, एकाने ओपनिंगच्या सातपट केले आणि दुसऱ्याने पावणेसहा पटीच्या आसपास. हा जो पटीचा आकडा आहे ना, सगळा खेळ त्याचा आहे, आणि ॲडव्हान्स त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ॲडव्हान्स सांगतं की किती लोकांना पहिल्याच दिवशी बघायचाय. बघून बाहेर आल्यावर ते बायकोला, मित्राला, ऑफिसात काय सांगणार हे ते कसं सांगेल?

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २०१८ चा 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'. ८ नोव्हेंबरला लागला, गुरुवार होता, आपल्याकडे पाडवा. आमिर खान आणि अमिताभ बच्चन पहिल्यांदा एकत्र, ॲडव्हान्स जबरदस्त, पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, भाऊबीज, म्हणजे सुट्टीचाच दिवस, आणि आकडा थेट तिशीच्या खाली आला. सणाच्या दिवशी जवळपास निम्म्यावर येणं म्हणजे लोकांनी निकाल दिला होता. लाइफटाइम दीडशे कोटींच्या आसपास, म्हणजे ओपनिंगच्या जेमतेम तिप्पट. आमच्या ग्रुपमधल्या ज्या मित्रांनी बुधवारी ॲडव्हान्स बघून तीनशे लावले होते त्यांचा ॲडव्हान्सचा हिशोब चुकला नव्हता, पहिला दिवस त्यांनी बरोबरच सांगितला होता.

आणि उलट्या बाजूला 'वेड'. ३० डिसेंबर २०२२, रितेश देशमुखचं पहिलं दिग्दर्शन, अजय-अतुलची गाणी, ओपनिंग सव्वादोन कोटी. मराठीला हे चांगलंच आहे पण ॲडव्हान्स बघून कोणी पन्नास-साठ कोटी लावले असते का? मग शनिवारी वाढला, रविवारी अजून वाढला, आणि २ जानेवारीच्या सोमवारी, ज्या दिवशी सगळे ऑफिसला परत गेले, त्या दिवशी तीन कोटींच्या आसपास, म्हणजे शुक्रवारपेक्षा जास्त! माझ्यासाठी तिथेच विषय संपला होता. पुढे तो साठ कोटींच्या घरात गेला, पंचवीस पटीहून जास्त. २०२१ च्या 'पुष्पा' चं हिंदी व्हर्जनही तसंच, १७ डिसेंबरला लागलं, समोर एक दिवस आधी लागलेला 'स्पायडर-मॅन', महाराष्ट्रात थेटरं निम्म्याच क्षमतेने चालू, पहिल्या दिवशी तीन कोटींच्या आसपास आणि शेवटी शंभरच्या वर. डिसेंबर २०२५ च्या 'धुरंधर' ने तर दुसऱ्या शुक्रवारी पहिल्या शुक्रवारपेक्षा जास्त केले. यातलं काहीही गुरुवारी रात्रीच्या तिकिटांत दिसत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल मग दोन्ही वापरा, ओपनिंगला हे आणि लाइफटाइमला ते. मीही बराच काळ तेच करायचो. पण एका गोष्टीने मला ॲडव्हान्सपासून हळूहळू लांब नेलं, आणि ती म्हणजे ब्लॉक सीट्स.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ॲपवर सीट मॅप उघडला की राखाडी दिसणारी प्रत्येक सीट विकलेली असतेच असं नाही. काही सीट थेटरवाल्यांनी काउंटरसाठी राखून ठेवलेल्या असतात, काही कुणी कंपनीने, फॅन क्लबने, कधी पिक्चरच्याच बाजूच्या माणसांनी घाऊक उचललेल्या असतात. म्हणून ट्रॅकिंगवाले, म्हणजे बुकिंगची तिकिटं मोजून आकडे देणारे, दोन आकडे देतात, एक नुसता आणि एक ब्लॉक धरून. आणि या दोन आकड्यांत सणाच्या मोठ्या पिक्चरला कधीकधी इतकं अंतर असतं की तुम्ही कोणता धरला त्यावर तुमचा अंदाज उभा किंवा आडवा. मग गुरुवारी रात्री ग्रुपवर पिक्चर बाजूला राहतो आणि वाद होतो तो ब्लॉक धरायचे की नाही याचा. एकदा पाडव्याच्या मॅटिनीला सीट मॅपवर मागच्या तीन रांगा भरलेल्या बघून मी घाईने कडेची तिकिटं काढली, आत गेलो तर त्या तीन रांगा रिकाम्या, इंटरव्हलपर्यंत एक माणूस येऊन बसलं नाही. पैसे कुणीतरी भरले असतील, आकड्यात ते धरलेही गेले असतील, पण पिक्चर बघून घरी जाऊन चांगलं-वाईट सांगणारं माणूसच तिथे नव्हतं. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. ज्या आकड्यात माणूस आहे की नाही हेच कळत नाही त्यावरून पुढच्या तीन आठवड्यांचं काय सांगणार?

सवयीने थोडं ओळखता येतं. खरं पब्लिक मागच्या रांगेच्या मधून भरत जातं, दोन-दोन, चार-चार सीट घेतं, मध्ये एखादी एकटी सीट सुटते, कोपरे शेवटी भरतात. ब्लॉक असेल तर पूर्ण रांग सरळ भरलेली दिसते आणि सकाळच्या शोला जशी तशीच संध्याकाळच्या शोलाही. पण हे प्रत्येक थेटरचं, प्रत्येक शोचं किती वेळ बघत बसणार, आणि देशभराचा आकडा येतो तेव्हा त्यात हे सगळं मिसळूनच आलेलं असतं.

ॲडव्हान्सची दुसरी अडचण छोट्या गावांची. मी नाशिकचा, आमच्या जिल्ह्यात मालेगाव आहे. 'टायगर ३' ला तिथे लोकांनी थेटरातच फटाके फोडले होते, ते सगळ्यांनी व्हिडिओत बघितलं असेल (फार धोकादायक प्रकार होता तो, पोलीस केसही झाली). ते पब्लिक ॲपवर किती आणि खिडकीवर किती? सिंगल स्क्रीनचा बहुतेक धंदा अजून खिडकीवरच आहे असं मला तरी दिसतं. मराठी पिक्चरला तर ते अजून जास्त लागू, घरातली चार-पाच माणसं ठरवतात आणि निघतात, आधी बुक वगैरे कुणी करत नाही.

आता कोऱ्या दिवसाकडे येऊ. यात एक मेख आहे जी नवीन माणसाला पटकन लक्षात येत नाही. वीकेंडनंतर पहिल्या सोमवारी पिक्चर टिकतो का ते बघायचं, याला सगळे 'मंडे टेस्ट' म्हणतात, पण सणाच्या दिवसांत सोमवार हा सोमवार नसतो. 'टायगर ३' लागला १२ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे कोण थेटरात जातं? घरात पूजा, दुकानात पूजा, फटाके, त्यामुळे संध्याकाळचे आणि रात्रीचे शो मार खातात. पहिल्या दिवशी ४४ कोटींच्या आसपास आणि सोमवारी ५९, लोक म्हणाले काय होल्ड केलाय, म्हणजे कमाई काय टिकवलीय! तो होल्ड नव्हता, तो कॅलेंडरचा हिशोब होता. मग पाडवा झाला, आणि भाऊबीज आली १५ तारखेला, त्याच दिवशी वानखेडेला भारत-न्यूझीलंड सेमीफायनल, आकडा धपकन खाली. तो पडलाय म्हणणंही अर्धवटच. अशा वेळी मी थांबतो आणि सण नाही, मॅच नाही असा पहिला दिवस धरतो.

त्या दिवशी मी काय करतो तर ठरलेली थेटरं बघतो, शहरातली दोन मल्टिप्लेक्स, एक सिंगल स्क्रीन आणि तालुक्याच्या ठिकाणचं एक. ओपनिंगला ज्या शोचे सीट मॅप सेव्ह केले होते तेच शो परत बघतो, संध्याकाळी सहा-साडेसहाचा मुख्य. सिंगल स्क्रीनला जमलं तर स्वतः जातो आणि शो सुटताना बाहेर उभा राहतो. भरलेल्या सीट ओपनिंगच्या त्याच शोच्या निम्म्याहून जास्त असतील तर मी ओपनिंगच्या सहापट आणि वर लावतो, एक तृतीयांशाच्या खाली असेल तर तिप्पट. मधलं असेल तर दुपारचा शो बघतो. दुपारी बायका-मुलं, सासू-सुना, आजी-आजोबा दिसले की एक पट वाढवतो, कारण ते पब्लिक उशिरा सुरू होतं आणि मग थांबत नाही, 'बाईपण भारी देवा' ला सगळ्यांनीच बघितलं, दुसऱ्या आठवड्याचं कलेक्शन पहिल्याच्या जवळपास दुप्पट. हे काही शास्त्र नाही, माझा अनुभव आहे, तुमच्या शहरात पट थोडी वेगळी बसेल.

अजून एक खूण मी फार मानतो. पिक्चरशी ज्यांचा रोजचा संबंध नाही अशी माणसं विचारायला लागली की मी आकडा वर सरकवतो. आमच्या मावशीचा फोन येतो, "अरे तो पिक्चर चांगलाय म्हणे, पोरींना घेऊन जाऊ का?" मावशीपर्यंत बातमी ट्रेलरने जात नाही, ॲडव्हान्सने तर नाहीच नाही.

कोऱ्या दिवसाचा तोटा उघड आहे, उशीर होतो. ग्रुपच्या नियमात लाइफटाइमचा आकडा गुरुवारीच द्यायचा असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही, आणि ख्रिसमसला तर थांबणं अजूनच लांबतं. २०२६ चंच बघा, शाहरुखचा 'किंग' २४ डिसेंबरला जाहीर केलाय, गुरुवार. २५ ला शुक्रवारी नाताळ, मग शनिवार-रविवार, मग थर्टी फर्स्टपर्यंत शाळा-ऑफिसं अर्धवटच, १ जानेवारी परत शुक्रवार. खरा कोरा दिवस ४ जानेवारीचा सोमवार. त्यात आठवडाभर आधी, १८ डिसेंबरला 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' चीही तारीख आहे, म्हणजे मोठे स्क्रीन आणि आयमॅक्सची ओढाताण होणार. तिथे निदान ओपनिंगसाठी ॲडव्हान्स बघावंच लागेल, नाही म्हणत नाही.

पण २०२६ च्या दिवाळीला 'रामायण' चा पहिला भाग जाहीर केलाय, आणि तिथे माझं ऐकाल तर लाइफटाइमचा आकडा ॲडव्हान्सवर लावू नका. एक तर महागड्या आयमॅक्स तिकिटांमुळे कोटी फुगलेले दिसतील, तेव्हा बघायचंच असेल तर कोटी सोडून तिकिटं किती गेली ते बघा. दुसरं म्हणजे ग्रुप बुकिंग, सोसायट्या, शाळा, संस्था अशा पिक्चरला घाऊक तिकिटं घेणारच, ती मनापासून घेतलेली असतील पण ब्लॉकचा आकडा वाचणं अशक्य होईल. तिसरं, लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला येतंय, म्हणजे एरवी जो रविवार सगळ्यात मोठा तोच संध्याकाळी बसणार, आणि लगेच कुणीतरी पिक्चर पडला म्हणून ओरडणार. त्या दिवशी काहीच लावू नका. पाडवा जाऊ द्या, भाऊबीज जाऊ द्या, मग गुरुवारी १२ तारखेला संध्याकाळी साडेसहाचा सीट मॅप उघडा आणि जमलं तर जवळच्या सिंगल स्क्रीनला चक्कर मारा. मी त्या रात्री लाइफटाइम लावणार आहे, तोपर्यंत ग्रुपवर माझ्या नावापुढचा रकाना रिकामाच राहील.