चिकन चांगलं, पडदा त्याहून चांगला (गटारी सोडून)

पाचपैकी साडेतीन तारे.

मी मूळचा कुडाळकडचा, आता डोंबिवलीत. बुधवार, शुक्रवार, रविवार घरात कोंबडी नाहीतर मासळी लागतेच. तेव्हा चिकनच्या दुकानांवर बोलायचा थोडाफार हक्क आहे.

आधी ज्या दुकानात जायचो तिथे वजनाची, चवीची तक्रार नव्हती. पण मान कापली की कोंबडी निळ्या पिंपात, वर झाकण. आतून धडधड ऐकू यायची आणि हातभर अंतरावर पिंजऱ्यातल्या बाकीच्या बघत बसलेल्या. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा राहायचो. एकदा धाकटी बरोबर होती. "बाबा, झाकण कशाला?" काही सांगता येईना. दुकान बदललं.

हे नवं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. पिंजरे सावलीत, प्रत्येकात पाणी. कापायची जागा आत, मध्ये जाड पडदा. पिंपाऐवजी भिंतीला स्टीलची दोन नरसाळी. कोंबडी त्यात उलटी बसते, पंख आवळलेले राहतात, फडफड फारशी होत नाही. एका जनावरासमोर दुसरं कापू नये, असं कत्तलखान्यांसाठीचे २००१चे केंद्राचे नियम सांगतात. गल्लीतल्या दुकानात कुणी ते मनावर घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाटीवर 'गावरान' नाही, सरळ 'गिरिराज' लिहिलंय, म्हणजे गावरानसारखी दिसणारी सुधारित जात. बाकी ठिकाणी हाच गावरान म्हणून खपतो. आम्ही घेतो तो. कुकरला सात शिट्ट्या लागतात, पण वड्यांबरोबर रस्सा असा होतो की बायकोने मसाल्याचं श्रेय घेणं सोडलंय.

ब्रॉयलर मात्र ब्रॉयलरच. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. आमच्या आईचा कोंबडा तेवढा व्हायला सहा महिने घ्यायचा आणि तोवर शेजाऱ्यांची परसबागसुद्धा उकरून ठेवायचा. इथल्या पिंजऱ्यातल्याला दोन पावलं टाकली की बसावं लागतं, स्वतःचं वजन पायांना पेलत नाही. पडदा लावून ते कसं सुटणार, असं मालकाला विचारलं. "काका, पोल्ट्रीतून येतो तसा विकतो. गिरिराज महाग पडतो म्हणून तुम्हीच दहातले नऊजण ब्रॉयलर मागता." गप्प बसलो. पाहुणे आले की मीही तोच नेतो.

दीड तारा कापला तो गटारीचा. त्या रविवारी सकाळी सातलाच लाईन कोपऱ्याच्या मेडिकलपर्यंत. पडदा दोरीने वर बांधलेला, नरसाळी दोनच, म्हणून पोरांनी कुठूनतरी पिंप आणलेलं. तीच धडधड. पिंजऱ्यातलं पाणीही संपलेलं. मी मालकाला हाक मारली, तर वर न बघता म्हणाले, "आज नाही जमणार काका, लाईन बघा." बघितली. माझ्यापुढे तीसेकजण होते, मागे त्याहून जास्त. मला दीड किलो हवं होतं. घेतलं आणि घरी आलो.

पुढच्या बुधवारी गेलो तेव्हा पडदा खाली होता.

जायचं तर बुधवारी अकराच्या सुमारास जा, गर्दी नसते. गिरिराज हवा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. सुट्टे पैसे न्या.